घाटमाथ्यावरच्या पेठेची लढाई खरी कशी वाटेल?

सोलापुरातल्याच एका तरुण लेखिकेनं विचारलंय: "माझ्या फँटसी कादंबरीत सोनखिंड नावाचं डोंगरातलं व्यापारी गाव आहे. समुद्रकाठचं राज्य आणि वरचं पठार यांना जोडणारा एकच घाट, तो या गावाच्या वेशीतून जातो. समुद्रकाठचा राजा वीस हजारांची फौज घेऊन घाट चढून येतो. गावाकडे शरभांवर बसून उडणारे पंचवीस स्वार आणि एक मांत्रीण आहे. तीन दिवसांची लढाई मी चाळीस पानांत लिहिली. वाचणारे म्हणतात, दृश्यं छान आहेत, पण खरं वाटत नाही. कुठे चुकलं?"

ताई, तुमचं प्रकरण मी दोनदा वाचलं. वर्णनात चूक नाही. शरभ तटावरून झेपावतात ते पान तर मी घरात मोठ्यानं वाचून दाखवलं. चूक त्या पानाच्या आधी झाली आहे. तुमच्या वीस हजार माणसांपैकी चाळीस पानांत एकालाही भूक लागलेली नाही, आणि सोनखिंडीच्या बाजारात नेमकं काय विकलं जातं हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. व्यापारी गावाची लढाई ही तटाची लढाई नसते, ती रस्त्याची लढाई असते. रस्त्यावरून काय जातं ते कळलं नाही, तर माणसं का मरतायत तेही वाचकाला कळत नाही.

हे मी कुठल्या आधारावर सांगतोय ते सांगतो. तीस वर्षं मी हुंडेकऱ्याच्या पेढीवर काढली. माल भरणं, बिल्टी करणं, गाडी घाटात अडकली की रात्रभर फोनवर बसणं, हेच काम. आणि गेली एकवीस वर्षं दर रविवारी घरी नकाशावरच्या लढाया खेळवतो. मोठ्या टेबलावर पुस्तकांच्या चवडी रचायच्या, त्यांवर जुन्या सोलापुरी चादरी पसरायच्या, की डोंगर तयार. चादरीच्या घड्यांत खिंडी आपोआप पडतात. ज्वारीचे दाणे म्हणजे माणसं, एका दाण्याला शंभर. शेंगदाणे म्हणजे धान्याने लादलेले बैल. खेळातला एक दिवस संपला की प्रत्येक बाजूनं त्या दिवसाच्या खाण्याचे शेंगदाणे आपल्या वाटीतून काढून माझ्या हातात द्यायचे. हा एक नियम मी कधी मोडू दिला नाही, आणि बहुतेक लढाया त्या वाटीतच ठरलेल्या पाहिल्या आहेत.

तर आधी तुमच्या राजाची वाटी मोजू. माणसाला दिवसाला पाऊण किलो धान्य धरा. वीस हजारांचे झाले १५,००० किलो. घोडे चार हजार आहेत असं तुम्ही लिहिलंय. घोड्याला चंदी तीन किलो धरली तरी आणखी १२,००० किलो. म्हणजे रोजचं २७ टन धान्य. वैरण यात नाही, आणि बाजारबुणगे, नोकर, स्वयंपाकी, लोहार हेही नाहीत. आजच्या हिशेबात दहा टायरच्या दीड-दोन गाड्या, काहीच नाही. पण तुमच्या जगात गाड्या नाहीत. लादलेला बैल साधारण सव्वाशे किलो नेतो. रोज २१६ बैल छावणीत पोचले पाहिजेत. समुद्रकाठच्या कोठारापासून वर यायला चार दिवस, उतरायला तीन, एक दिवस विश्रांती. म्हणजे आठ दिवसांचा फेरा. रोज २१६ पोचायचे तर वाटेवर सतत सतराशेहून जास्त बैल चालते हवेत. ते कोणाचे? कोण हाकतं? त्यांना पैसे कोण देतं, आणि दुसऱ्या बाजूनं जास्त दिले तर?

या तीन प्रश्नांतच तुमची निम्मी कादंबरी आहे. आपल्याकडे हे काम लमाणी-बंजाऱ्यांच्या तांड्यांनी शतकानुशतकं केलं. सोलापूरकरांना तांडा म्हणजे काय ते सांगावं लागत नाही, मुळेगाव तांडा शहराला लागूनच आहे. कोकणातलं मीठ घाट चढवून वर आणायचं आणि वरचं धान्य खाली न्यायचं, हा त्यांचा धंदा. मुघलांच्या फौजा त्यांच्या धान्यावर चालल्या, आणि १८०३ मध्ये इंग्रज सेनापती वेलस्लीनं दख्खनमध्ये मोहीम काढली तेव्हा त्यालाही तांड्यांच्या नाईकांची, म्हणजे म्होरक्यांची, मनधरणी करावी लागली. हे लोक कुणाच्या सैन्यात नव्हते. धान्य विकणं हा त्यांचा व्यवसाय होता, म्हणून दोन्ही बाजूंना ते हवे असत. तुमच्या कादंबरीत असा एक नाईक नाही. त्याला आणा. राजापेक्षा आणि मांत्रिणीपेक्षा जास्त ताकद त्याच्याकडे असेल, आणि त्याला ते माहीत असेल.

तीन दिवसांची लढाई खोटी का वाटते त्याचं कारणही इथेच आहे. तीन दिवसांची शिदोरी शिपाई पाठीवर घेऊन येतो. तेवढ्यात तांड्याची गरज पडत नाही, वैरण संपत नाही, विहिरीचा तळ दिसत नाही, छावणीत हगवण लागत नाही. तुम्ही लढाई अशा मुदतीत बसवली की डोंगराला आपलं काम करायला वेळच मिळाला नाही. चाळीस दिवसांची करा. पानं वाढवायची गरज नाही. त्यातले पस्तीस दिवस चार पानांत जातील, पण ती चार पानं सगळ्यात दाट असतील.

आता घाट. वीस हजार माणसं दोघा-दोघांच्या रांगेत चालली आणि दोन रांगांत दीड मीटर अंतर धरलं, तर ती रांग पंधरा किलोमीटर लांब होते. घोडे आणि बैल त्याच्या मागे. घाटात ताशी दोन किलोमीटर चाल म्हणजे चांगली चाल. बिनीचा माणूस निघाल्यावर शेवटच्या पायदळाला पाय उचलायला सात तासांहून जास्त वेळ लागेल. तुमच्या राजाची फौज सकाळी घाटाखाली आणि दुपारी वेशीसमोर युद्धाला उभी, असं लिहिलंय. ते होणार नाही. दुपारी वेशीसमोर हजारभर दमलेली, तहानलेली माणसं असतील, आणि बाकीचे मागच्या वळणांवर. घाटात वीस हजारांची फौज म्हणजे एका वेळी लढू शकणारी शे-दोनशे माणसं.

१६६१ च्या फेब्रुवारीत मुघल सरदार कारतलब खान कोकणात उतरायला निघाला आणि उंबरखिंडीत सापडला, ते आठवा. अरुंद, झाडीनं भरलेली दरी. वर दोन्ही बाजूंना मराठे. पुढची वाट बंद, मागची वाट बंद आणि पाणी नाही. बरोबरच्या रायबागन या मुघलांकडच्या सरदारणीनं शरण जायचा सल्ला दिला, खानानं खंडणी भरली आणि शिवाजी महाराजांनी फौजेला जाऊ दिलं. हे मी खेळात कितीतरी वेळा मांडलं. हल्ला करणारा प्रत्येक नवा मुलगा आधी माणसं मोजतो, पाण्याचं विचारत नाही. खानाच्या फौजेचा धीर सुटला त्यात बाणांइतकाच तहानेचा वाटा होता. तुमच्या घाटात पाणी कुठे आहे? एक टाकं दाखवा, कातळात खोदलेलं, शेवाळलेलं. ते कोणाच्या ताब्यात आहे, यावर एक अख्खं प्रकरण उभं राहील. चार हजार घोड्यांना दिवसाला लाखभर लिटर पाणी लागतं, हे लक्षात ठेवून ते टाकं लिहा.

गावाभोवतीच्या संरक्षणाबद्दलही बोलायला हवं, कारण तुम्ही सगळं बळ सोनखिंडीच्या तटावर लावलंय. नाणेघाट पाहिला नसेल तर एकदा जाऊन या. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा पहाटे पोचलो होतो. माथ्यावर खिंडीच्या तोंडाशी एक दगडी रांजण आहे, लोक त्याला जकातीचा रांजण म्हणतात. काठ गुळगुळीत झालाय. मी त्यावर हात ठेवून बराच वेळ उभा राहिलो. खाली कोकण धुक्यात होतं, आणि वाट इतकी अरुंद की लादलेले दोन बैल समोरासमोर आले तर एकाला थांबावंच लागेल. जवळच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञांत दिलेल्या हजारो गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापणं, म्हणजे तेव्हाची नाणी, यांची त्यात जंत्री आहे. एवढं दान करण्याइतकं वैभव ज्या राज्याकडे होतं, त्याचा व्यापार या वाटेनं चढत-उतरत होता. आपल्या शेजारचं तेर, म्हणजे जुनं तगर, त्याच व्यापाराच्या जाळ्यातलं गाव. आता त्या परिसराचं संरक्षण बघा. व्यापारी गाव जुन्नर. आणि भोवती जीवधन, चावंड, हडसर, शिवनेरी. गावाला एक मोठा तट बांधण्यापेक्षा वाटेवर नजर ठेवणारे डोंगर ताब्यात ठेवणं हा शहाणपणाचा मार्ग होता. सोनखिंडीच्या तटाचं वर्णन तीन पानांचं आहे. त्यातली अडीच काढून दोन चौक्यांना द्या: एक पाण्याच्या टाक्यावर, एक त्या वळणावर जिथून खालचा तळ दिसतो.

यानंतर सगळ्यात महत्त्वाचं. तुमच्या राजाला सोनखिंड का हवी आहे? तुम्ही लिहिलंय, "तिच्या संपत्तीसाठी." पण या गावात संपत्ती साठलेली नसते, ती गावातून वाहते. वरून धान्य, कापूस, कातडी खाली. खालून मीठ, खोबरं, सुकी मासळी, परदेशी माल वर. गाव प्रत्येक गोणीमागे जकात घेतं, राहायला जागा देतं, बैल बदलून देतं, हुंडी वटवतं. म्हणजे राजाच्या स्वतःच्या बंदरात जे धान्य खाल्लं जातं तेही याच घाटातून उतरतं. त्यानं वेढा घातला त्या दिवसापासून त्याच्याच बंदरात ज्वारी महागायला लागेल. वेढा गावाला पडला, पण गळा दोघांचा आवळला गेला. हे एक वाक्य तुमच्या राजाच्या दरबारात कुणीतरी, बहुधा त्याच्या खजिनदारानं, घाबरत घाबरत म्हणायला हवं.

आणि म्हणूनच ते गाव जाळता येत नाही. तुमच्या दुसऱ्या दिवशी राजा पेठेला आग लावतो, वखारी जळतात. दृश्य जबरदस्त आहे, पण मग तिसऱ्या दिवशी तो काय जिंकतो? जळका घाट. आपल्याकडच्या राजांना हे चांगलं कळत होतं. गाव ताब्यात आलं, पांगलेले व्यापारी परत हवे असले, की कौल दिला जाई: या, दुकानं मांडा, इतकी वर्षं जकातीत सूट, तुमच्या माणसाला आणि मालाला अभय. पेठेचे शेटे-महाजन त्या कौलावर घासाघीस करत. तलवार म्यान झाल्यावरची ही घासाघीस माझ्या मते लढाईचाच भाग आहे, आणि लिहिणारे ती नेहमी गाळतात.

काही वर्षांपूर्वीचा एक रविवार सांगतो. दहावीतला एक मुलगा हल्ला करत होता, फार हुशार. त्यानं टाक्यावरची चौकी रात्री घेतली, चार दिवसांत दरवाजा पाडला, चादरीच्या घडीतून त्याचे ज्वारीचे दाणे थेट गावात शिरले. टेबलाभोवती टाळ्या वाजल्या. गावाच्या बाजूनं अकरावीतली एक मुलगी खेळत होती. ती काहीच बोलली नाही. मी त्याला विचारलं, "उद्या सकाळी बाजार कोण भरवणार?" त्यानं गावात बघितलं. तिनं आधीच्या सहा चालींत रोज रात्री थोडे थोडे करून आपले सगळे शेंगदाणे चादरीच्या पलीकडच्या, उत्तरेच्या दुसऱ्या घाटाकडे सरकवले होते. तांडे गेले, सराफ गेले. त्याच्या हातात तट होता आणि वाटीत बारा शेंगदाणे. तो बराच वेळ गप्प बसला. मग त्यानं कागद मागितला आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलं: "दोन वर्षं जकात माफ. परत या." तिनं वाचलं आणि म्हणाली, "तीन." त्या दिवशी मला कळलं की असा खेळ कुठे संपवायचा.

आपल्या सोलापूरचंच बघा. आपला किल्ला भुईकोट, डोंगराचा आधार नाही, एका अंगाला सिद्धेश्वर तलाव, बाकी खंदक आणि दुहेरी तट. तरी त्यावरून दोन शाह्या पिढ्यानपिढ्या भांडल्या. १५२४ च्या सुमारास इस्माइल आदिलशाहाची बहीण मरियम बुऱ्हाण निजामशाहाला दिली. सोलापूर आणि साडेपाच परगणे हुंड्यात कबूल केले होते असं निजामशहा म्हणे, आदिलशहा म्हणे असं काही ठरलंच नव्हतं. त्यावरून युद्धं झाली. पुढे निजामशाहीची चांदबीबी अली आदिलशाहाला दिली तेव्हा हेच सोलापूर उलट दिशेनं हुंड्यात गेलं, आणि ते दोघे एक झाल्यावर १५६५ ची विजयनगरविरुद्धची तालीकोटची लढाई घडली. मला यात "साडेपाच" हा आकडा फार आवडतो. अर्धा परगणा कुणी भावनेनं मागत नाही. तो मागायला कोणीतरी वसुलीच्या चोपड्या उघडून बसलेलं असावं लागतं. तुमच्या राजाच्या मागणीत असा एक अर्धा घाला. "सोनखिंड द्या" असं नको. "सोनखिंड आणि मिठाच्या जकातीचा निम्मा वाटा" असं काहीतरी.

किल्ला आणि पेठ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही सोलापूर शिकवतं. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रज सेनापती मन्रोची फौज आली तेव्हा आधी शिड्या लावून पेठ घेतली गेली, किल्ला काही दिवसांनी शरण आला. तुमच्या सोनखिंडीतही पेठेचा तट आणि वरची गढी वेगळी ठेवा. गढीतले सैनिक आणि पेठेतले व्यापारी यांचं हित एक नसतं. गढीला महिनाभर तग धरायची असते, पेठेला दुकान उघडायचं असतं. दरवाजा आतून उघडला जातो तो नेहमी फितुरीनंच, असं नाही. एखादा महाजन लोभापायी नाही, तर गोदामातली मिरची बुरशी धरायला लागली म्हणून बोलणी सुरू करतो. मी मार्केट यार्डात कांद्याच्या गाड्या दोन-दोन दिवस लिलावाविना उभ्या राहिलेल्या पाहिल्या आहेत. गोणीखाली पाणी सुटायला लागतं, वास येतो, आणि कालपर्यंत भावावर अडून बसलेला माणूस मऊ होतो. नाशवंत माल आणि माणसाचं मन यांचा संबंध मी तिथे शिकलो. तो वास तुमच्या पेठेत येऊ द्या.

आता शरभ. तुम्ही परकी उडती जनावरं न घेता आपल्या किल्ल्यांच्या दरवाजांवरचा, पंजात हत्ती धरणारा शरभ घेतलात, याचा मला मनापासून आनंद झाला. पण तो खातो काय? दिवसाला एक मेंढी धरा. पंचवीस शरभांना चाळीस दिवसांत हजार मेंढ्या. त्या धनगरांच्या वाड्यांवरून येणार, आणि वाडे तटाच्या आत मावत नाहीत, ते वरच्या गवताळ माळावर असतात. म्हणजे राजाच्या एखाद्या डोकेबाज सरदारानं गावाकडे न बघता रात्री माळावरचे कळप हाकून नेले, की दहा दिवसांत शरभ उडायचे थांबतात. शरभाचा खरा उपयोगही झडप घालण्यात नाही. घाटातली पंधरा किलोमीटरची रांग वरून बघणं, त्यात लादलेले बैल नेमके कुठल्या वळणावर आहेत ते सांगणं, यात आहे. ज्याला वरून रांग दिसते त्याला पन्नास माणसं पुरतात.

मांत्रिणीबद्दल एकच मागणं आहे: तिच्याकडून आगीचा गोळा काढून घ्या आणि तिला पाऊस द्या. आपल्या सगळ्या युद्धांचं वेळापत्रक पावसानं आखलंय. घाट पावसाळ्यात बंद, फौजा छावणीला, आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमा सुरू. तुमचा राजा हे जाणून आलाय, मृग लागायच्या आत गाव घ्यायचं या हिशेबानं. मांत्रिणीनं पाऊस फक्त बारा दिवस अलीकडे ओढला तर? घाटातली माती सुटते, बैलांचे पाय घसरतात, तांड्याचा नाईक खालूनच निरोप पाठवतो की आता माल येणार नाही. वर अठरा हजार माणसं भिजतायत आणि छावणीत चार दिवसांचं धान्य आहे. पण तोच पाऊस पठारावरच्या खळ्यांवर पडतो. उघड्यावरची रास भिजते, गावाला धान्य देणारा शेतकरी बुडतो, आणि पुढच्या हंगामात घाटातून उतरायला काही नसतं. मांत्रिणीला हे आधी माहीत हवं. तिनं निर्णय घेण्याच्या रात्री कोणीतरी, शक्यतो त्या शेतकऱ्यांपैकीच, तिच्यासमोर बसलेलं हवं. जादूची किंमत डोळ्यातून रक्त आणून दाखवू नका. ती कुणाच्या तरी खळ्यात दाखवा.

तलवारबाजीची पानं आहेत तशी ठेवा, ती उत्तम आहेत. फक्त वेशीतली चकमक शेवटाकडे न्या. तोवर वाचकाला प्रत्येक माणसाच्या पोटात काय आहे ते माहीत झालेलं असेल.

पुन्हा लिहायला बसाल तेव्हा आधी लढाई लिहू नका. सोनखिंडीच्या जकातनाक्यावरचा एक कारकून घ्या आणि त्याची चाळीस दिवसांची रोजकीर्द लिहा. पहिल्या दिवशी किती गोण्या मीठ आलं, किती धान्य उतरलं, कुणाचा तांडा, किती जकात. मग एक दिवस मीठ येणं थांबतं. मग एक नाईक वेळेआधीच बैल सोडवून घेऊन जातो आणि कारण सांगत नाही. मग रकाना कोरा. मग एका रात्रीत मेंढ्यांचा भाव तिप्पट. अठ्ठाविसाव्या दिवशी अक्षर बदलतं, कारण लिहिणारा बदलला आहे. ही वही कादंबरीत छापायची गरज नाही, पण ती तुमच्याजवळ असली पाहिजे. ती घेऊन एखाद्या रविवारी या. चादरी धुऊन ठेवतो, आपण सोनखिंड टेबलावर मांडू. राजाच्या बाजूनं तुम्ही खेळा.